मुलीबद्दल अभिनंदन

जोव्हलिन माझ्या मुलीच्या घरी साडेपाच महिने राहिली. राहायची होती वर्षभर. ती लवकर गेली याला कारण मी आहे. घरात हे कुणी बोलत नाही, पण मला ते ठाऊक आहे, म्हणून जमेल तसं लिहून ठेवतो.

ती फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरची, चोवीस वर्षांची. ओ-पेअर म्हणून आली होती. म्हणजे घरात राहायचं, मुलं सांभाळायची, हलकी कामं करायची, आणि त्याबदल्यात खोली, जेवण आणि हातखर्च मिळायचा. कामवाली म्हणायचं नाही, घरातलीच म्हणायचं. कागदावर तसंच लिहिलेलं असतं. माझी मुलगी मारिट आणि जावई युरियान दोघंही कागदाला जागणारी माणसं आहेत. किती वाजता मुलांचे डबे, किती वाजता कपड्यांच्या घड्या, किती वाजता सुट्टी, असं वेळापत्रक फ्रीजवर लावलेलं होतं आणि अर्धा तास जास्त झाला तर मारिट स्वतः जोव्हलिनच्या हातातलं फडकं काढून घ्यायची.

पहिल्या आठवड्यात ती मारिटला मॅडम म्हणायची.

"मॅडम नको गं, मारिट म्हण."

"हो, मॅडम मारिट."

मारिट हसून हसून बेजार. महिन्याभरात मॅडम गेलं, पण मारिटशी बोलताना तिचा एक हात दुसऱ्या हाताला धरून असायचा, तो तसाच राहिला.

मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे, कालव्याकाठी एकटा राहतो. चौतीस वर्षं मी पूल उघडायचं काम केलं. बोटी यायच्या, मी पूल वर घ्यायचो, बोटी जायच्या. त्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून ते मला जमलं. बुधवार माझा वार. बुधवारी शाळा लवकर सुटते, आणि आजोबांनी त्या दिवशी नातवंडांकडे जायचं असं आमच्या बऱ्याच घरांत ठरलेलं असतं. स्टाइन तेव्हा चारचा व्हायचा होता, फेन्ना दोनची. दोघं झोपली की जोव्हलिन आणि मी स्वयंपाकघरात बसायचो. इथे दुपारी पाव खातात, पावावर चॉकलेटचे दाणे. तिला ते जेवण वाटायचंच नाही. बुधवारी ती थोडा भात लावायची आणि मला विचारायची, "ओपा, तुम्हाला घालू?" ओपा म्हणजे आजोबा. स्टाइन म्हणतो म्हणून तीही म्हणायची. एकदा तिनं तिच्या आईनं पाठवलेली सुकी मासळी तळली. शेजारची टिनेके कुंपणावरून मला हाक मारून ओरडली, "खेरिट! मेलास की काय तू? वास येतोय!" जोव्हलिननं तोंडावर हात दाबून हसू आवरलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

तिच्या फोनवर एका मुलीचा फोटो होता, दोन वेण्या घातलेल्या. क्लारिस. बहिणीची मुलगी, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. सकाळी कधी कधी ती फोनवर दिसायची आणि जोव्हलिनला "ताई, ताई" म्हणायची.

मार्च महिन्यात स्टाइनला चार पूर्ण होणार होती. वाढदिवस गुरुवारी होता, पण पाहुण्यांना रविवारी बोलावलं होतं. आदल्या बुधवारी जोव्हलिन आणि मी टेबलाशी बसून कागदी पताका दोऱ्यात ओवत होतो. ती म्हणाली, "रविवारी अजून एकीचा वाढदिवस आहे, ओपा. क्लारिसचा. पाच वर्षांची होईल."

"बहिणीची मुलगी ना तुझ्या?"

तिनं एक पताका ओवली, मग दुसरी.

"मला बहीण नाही, ओपा."

मी हातातली पताका खाली ठेवली. तीच सांगत गेली. ओ-पेअरच्या अर्जात विचारतात, लग्न झालंय का, मूल आहे का, कुणी तुमच्यावर अवलंबून आहे का. तिनं तिन्ही ठिकाणी नाही लिहिलं. मुलीचा बाप मुलगी व्हायच्या आधीच दुसऱ्या बेटावर निघून गेला होता. मुलीला आजीनं शिकवलं, आता हिला आई म्हणायचं नाही, ताई म्हणायचं, फोन कुणीही ऐकत असतं. इथलं वर्ष नीट पार पडलं की डेन्मार्कला अर्ज करता येतो, तिथे आणखी दोन वर्षं. मग परत जाऊन गावात शिवणाचं दुकान टाकायचं आणि मुलीला सगळं खरं सांगायचं. मध्ये कुठे कळलं तर परवाना रद्द आणि डेन्मार्कही बंद.

"आता शिकवावं लागत नाही तिला," जोव्हलिन म्हणाली. "आपणहूनच ताई म्हणते."

मी म्हणालो, मी कुणाला सांगणार नाही.

"माहीत आहे मला. म्हणून तर सांगितलं. तुम्हाला नुसतं सुप्रभात म्हणायचं असलं तरी आधी विचार करता."

आमच्यात वाढदिवस एकट्याचा नसतो. खुर्च्या गोल मांडतात, आलेल्या माणसानं त्या गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. आईचं मुलाबद्दल, आजीचं नातवाबद्दल, शेजारणीचं शेजारच्या पोराबद्दल. कुणाला वगळलं तर तो वर्षभर लक्षात ठेवतो. मी लाजरा माणूस, मला हे लहानपणापासून जड जातं, म्हणून मी वाटेतच मनात घोकत जातो. मारिट, मुलाबद्दल. युरियान, मुलाबद्दल. टिनेके, शेजारच्या मुलाबद्दल. आणि त्या रविवारी यादीत आणखी एक होतं. जोव्हलिन, मुलीबद्दल. ते मी स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणणार होतो. तिचं अभिनंदन त्या दिवशी जगात दुसरं कुणी करणार नव्हतं.

पण ती स्वयंपाकघरात नव्हती. घरातलीच म्हणून गोलात बसली होती, फेन्नाला मांडीवर घेऊन. कॉफी फिरत होती, केक कापून झाला होता, सतरा-अठरा माणसं. मी एकेकाचा हात धरत पुढे सरकत होतो आणि तोंड आपोआप चालत होतं. मुलाबद्दल, मुलाबद्दल, शेजारच्या मुलाबद्दल. तिच्यापुढे आलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "मुलीबद्दल अभिनंदन. पाच वर्षांची झाली."

मला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी मोठ्यानं बोलतो.

"कोण पाच वर्षांची?" टिनेके म्हणाली. "अरे खेरिट, मुलगा आहे तो, आणि चारचा झालाय! कोणाच्या घरी आलास बाबा तू?"

सगळे हसले. जोव्हलिनही हसली. "ओपा फेन्नाबद्दल म्हणतायत," ती म्हणाली.

"फेन्ना दोनची आहे," टिनेके म्हणाली. "याला केक नको, चष्मा द्या."

पुन्हा हसू. जोव्हलिनचा हात माझ्या हातात होता. तो मला सोडवत नव्हता आणि तिला काढून घेता येत नव्हता. युरियान हसला नाही. त्यानं मारिटकडे पाहिलं. तो एका विमा कंपनीत कागदपत्रं तपासतो. कोण कुठे अडखळलं हे बघणं हेच त्याचं काम आहे.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मारिट शांतपणे म्हणाली, "जोव्हलिन, मंगळवारी साडेसातला बसून बोलू या. बाबा, तुम्हीही या." आणि तिनं ते भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलं. आमच्यात भांडणालासुद्धा वेळ ठरवतात. मग मधल्या दोन दिवसांत कुणी त्याबद्दल बोलत नाही. आमच्याकडे मूल चारचं झालं की लगेच शाळेत जातं, म्हणून सोमवारी स्टाइनचा शाळेचा पहिला दिवस होता. जोव्हलिननंच त्याला सायकलवर पुढे बसवून नेलं. तो रडला तर त्याच्या वर्गाच्या खिडकीखाली अर्धा तास उभी राहिली, असं मला नंतर त्याच्या बाईंनी सांगितलं.

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. बसली नाही.

"ओपा, तुम्ही उद्या म्हणाल का, की तुमचा गोंधळ झाला?" ती जमिनीकडे बघत होती. "माफ करा. पण लोक विश्वास ठेवतील."

ती खरं तेच सांगत होती. जानेवारीत मी दुकानासमोर सायकल विसरून चालत घरी आलो होतो. फेब्रुवारीत दूध गॅसवर ठेवून झोपलो होतो, भांडं जळलं. तेव्हापासून मारिट मला प्रश्न सावकाश विचारायला लागली होती. एप्रिलमध्ये स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतलेली होती. तिच्या टेबलावर मी एक रंगीत पुस्तिका पाहिली होती. त्यात बाग होती, बागेत म्हातारी माणसं होती, आणि बागेच्या दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप होतं.

मी जोव्हलिनला म्हणालो, "हो. म्हणेन."

तिनं माझा हात आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे मोठ्यांना तसं करतात.

मंगळवारी साडेसातला चौघं टेबलाशी बसलो. कॉफी, प्रत्येकी एक बिस्किट. युरियानसमोर कराराचे कागद होते.

"मी सरळ विचारतो," तो म्हणाला. "तुला मूल आहे का?"

"नाही," जोव्हलिन म्हणाली. "ओपांचा गोंधळ झाला. क्लारिस बहिणीची आहे."

मारिट माझ्याकडे वळली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिची आई आजारी होती तेव्हा ती असाच हात ठेवायची. "बाबा," ती अगदी सावकाश म्हणाली, "झाला का तुमचा गोंधळ? झाला असेल तर काही हरकत नाही. फक्त मग मला एप्रिलपर्यंत थांबता येणार नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करते."

युरियाननंसुद्धा माझ्याकडे मवाळ नजरेनं पाहिलं. त्या क्षणी दोघांनीही मला म्हातारा खुळा म्हणून मनानं स्वीकारलं होतं. मला एवढंच करायचं होतं, की मान हलवायची.

मी म्हणालो, "माझं डोकं ठिकाणावर आहे."

बस, एवढंच. पुढे मला कुणी काही विचारलं नाही. विचारायला उरलं नव्हतं. जोव्हलिननं बशीतलं बिस्किट थोडं बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "पाचची आहे. परवा झाली."

मारिट रडली. ती वाईट मुलगी नाही. "तू मला आधी सांगितलं असतंस तर..." ती म्हणाली.

"तर घेतलं असतंस मला?"

मारिटनं डोळे पुसले, खरोखर विचार केला आणि म्हणाली, "नाही."

मी तिला असंच वाढवलंय.

युरियान म्हणाला, तिला पाठवणाऱ्या ओ-पेअर संस्थेला कळवावं लागेल, नाही कळवलं तर आपणही खोट्यात सामील. संस्थेनं सरकारला कळवलं, कारण न कळवता त्यांना राहता येत नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर होते. पत्र आलं, त्यात तारीख होती. मधल्या दिवसांत जोव्हलिन वेळापत्रकाप्रमाणे काम करत राहिली. बुधवारी मी गेलो तेव्हा तिनं भात लावला नाही. पावाचे दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले आणि वर कपड्यांच्या घड्या करायला निघून गेली.

जायच्या दिवशी युरियाननं तिच्या बॅगा गाडीत ठेवल्या. स्टाइननं तिच्यासाठी चित्र काढलं होतं, त्यात ते चौघं आणि ती. मी हात पुढे केला. स्टाइन बघत होता, म्हणून तिनं तो घेतला. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी दोन आठवडे घोकलं होतं. गाडी सुरू झाली तेव्हा ते मला आठवलं.

एप्रिलमध्ये माझी तपासणी झाली. घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत जा, ही तीन नावं लक्षात ठेवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात इतकं चांगलं क्वचित दिसतं. मारिटनं मला ट्युलिपचा गुच्छ आणला आणि ती पुस्तिका फेकून दिली.

जोव्हलिनची बातमी मारिटकडून कळते, अधूनमधून त्यांचे निरोप चालतात. डेन्मार्कनं नकार दिला. क्लारिस तिच्याशेजारी झोपत नाही, उठून आजीच्या अंथरुणात जाते. आई आहे हे जोव्हलिननं तिला सांगितलं, तर पोरगी हसली, तिला ती थट्टा वाटली. आता जोव्हलिन कुवेतला जायची खटपट करते आहे, घरकामाला. तिथे मूल आहे का असं विचारत नाहीत. दोन वर्षं सुट्टी नाही.

सप्टेंबरमध्ये नवी मुलगी आली आहे, पेरू देशातली, यानेथ नाव. हसरी आहे. फेन्ना तिला लगेच चिकटली. बुधवारी मुलं झोपली की ती कॉफी घेऊन माझ्यासमोर बसते. मागच्या आठवड्यात तिनं कपात साखर ढवळता ढवळता विचारलं, "ओपा, तुम्हाला एक गोष्ट सांगू?"

मी म्हणालो, "नको." आणि टोपी घेऊन घरी आलो.