देवराईत मी हरलो, कावेरीचे वडील जिंकले

राव, आज नारायणगावातल्या माझ्या फॉर्म भरायच्या दुकानात बसून मी मोबाईल गेममध्ये हरलो. अजून डोक्यातून जात नाही.

आहुप्याची कावेरी वडिलांना घेऊन आली होती. गेम बनवायला शिकवणाऱ्या कॉलेजची स्कॉलरशिप होती आणि त्यासाठी तिनं स्वतः बनवलेला गेम अपलोड करायचा होता. वडील मात्र फॉर्मवर सही करेनात. "गेमचं कसलं आलंय शिक्षण?"

म्हटलं, आधी मी खेळून बघतो. गेममध्ये त्यांच्याच गावची देवराई. वाटेत वाळकी लाकडं, मध, फळं. मी दिसेल ते उचललं, पिशवी गच्च भरली. बाहेर पडलो तर स्क्रीनवर आलं, 'तुम्ही हरलात.'

कावेरीनं फोन वडिलांकडे दिला. आयुष्यात कधी गेम न खेळलेला माणूस! एका बोटानं सावकाश चालत, कशालाही हात न लावता बाहेर पडला आणि पहिल्याच फटक्यात जिंकला.

मी विचारलं, "तुम्ही काहीच कसं उचललं नाही?"

"देवाच्या रानातली वाळकी काडी बी घरी नेत न्हाईत, भाऊ," म्हणाले, आणि सहीसाठी पेन मागितलं.

मंडळी, खरं सांगा, तुम्ही आला असता रिकाम्या हातानं बाहेर?