भिंत माझी, पेटी अनंताची

अनंता गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका तसबिरीची काच कापत होतो. नव्या पेठेत माझं तसबिरी मढवण्याचं दुकान आहे. गिरणीच्या रंगखात्यातला, म्हणजे अनंताच्याच खात्यातला एक माणूस सायकल टेकवून आत आला आणि म्हणाला, “तुमचे अनंतराव गेले. झोपेतच.” काच वाकडी तुटली. खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की बघा, याला मरणसुद्धा कसं सोपं मिळालं! रडू आलं ते नंतर, स्मशानातून परतल्यावर, पाय धुताना…

गेलेल्या माणसाविषयी असं लिहितात का, असं कुणी म्हणेल. मी लिहितो. अनंता माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि शाळेपासूनच मी त्याच्यावर जळत आलो. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार, गळा माझ्यापेक्षा गोड. मास्तर मला ओळखायचे ते ‘अनंताच्या शेजारी बसणारा’ म्हणून. बरं, त्याला या कशाचं काही वाटायचंही नाही, याचा मला जास्त राग.

मासे पाळायचं वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं. तळ्यावर जाळं टाकणाऱ्याकडून बोटाएवढे मासे आणायचे. माझे बरणीत पटापट मरायचे, त्याचे काचेच्या पेटीत मजेत फिरायचे, कारण तो रोज पाणी बदलायचा. मग उन्हाळा आला, नळ आटले, आणि वहिनींनी, म्हणजे अनंताच्या बायकोनं, घागर कडेवर धरूनच निकाल दिला. “आमच्या सांगोल्यात माणसं घोटभर पाण्यासाठी वणवण करत्यात, आन हितं माशांना रोज घागर? आजपासून न्हाई.” वहिनी एकदा नाही म्हणाल्या की नाहीच. मासे तरी सोडून द्या, नाहीतर तेच पाणी स्वच्छ करायची काही युक्ती काढा, एवढंच अनंताच्या हातात उरलं.

पाण्यातली झाडं घाण शोषून घेतात असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. तळ्यातली हिरवी झाडं आणून त्यानं पेटीत लावली, तर माशांनी ती कुरतडून, मुळं उकरून पार वाट लावली. संध्याकाळी दुकानात येऊन तोंड पाडून बसला. मी काचेवरची नजर न काढता म्हणालो, “नांदत नाहीत ना एकत्र? मग मध्ये भिंत घाल. भाऊ वेगळे होतात तशी.” तो पुढ्यातला चहा तसाच टाकून उठला आणि गेला. हे वाक्य माझं. पुढं जे काही झालं ते या वाक्यातून झालं, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

भिंतीची काच मीच कापली. खाली दोन बोटं फट ठेवली, मासे पलीकडं जाऊ नयेत म्हणून तिथं वेताच्या काड्यांची जाळी बसवली, कडांना लांबी, म्हणजे काच पक्की बसवायचा लगदा, भरली. एका अंगाला मासे, दुसऱ्या अंगाला वाळूत रोवलेली झाडं. झालं काय, झाडांचं पाणी नितळ आणि माशांचं गढूळच. पाणी आपणहून हलेना. फसलं म्हणून मी मनात टाळ्या पिटल्या. तर अनंतानं देवघरातली गळती उचलून आणली! उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर थेंब थेंब पाणी धरतात ते तांब्याचं भांडं, ते त्यानं माशांवर टांगलं. सगळे मासे उलटे. वहिनी म्हणाल्या, देवाचं भांडं नेलं म्हणून झालं. अनंता म्हणाला, तांब्यानं झालं. त्यानं मातीचं मडकं आणलं, बुडाला भोक पाडून वात घातली, आणि नवे मासे सोडण्याआधी पाण्यात गिरणीतला चिमूटभर लाल रंग टाकून मला बोलावलं. थेंब पडत होते आणि रंग भिंतीखालून हळूहळू सरकत झाडांत वर चढत होता. झाडांच्या अंगाला वर बसवलेल्या तोटीतून जादा पाणी खालच्या बादलीत. बादलीतलं पाणी सकाळ-संध्याकाळ पुन्हा मडक्यात… मी बघतच राहिलो.

मग काय, बघायला रीघ लागली. गिरणीतले साहेब आले, शाळेची पोरं आली. ज्याच्या त्याच्या तोंडी ‘अनंतरावांची पेटी’. अनंता सगळ्यांना सगळं समजावून सांगायचा आणि मी कोपऱ्यात उभा राहून वाट बघायचो, आता म्हणेल, आता म्हणेल. शेवटी एकदा चारचौघांत मीच म्हणालो, “भिंत कुणाची ते पण सांग की.” तो हसला. “अरे, भिंत सगळेच घालतात. पाणी पलीकडं जायला पाहिजे.” मला ते फार लागलं. आणि हा गृहस्थ दुसऱ्याच दिवशी, जसं काही घडलंच नाही असा, पेटी गळते म्हणून माझ्याकडे लांबी मागायला हजर!

अनंताचं दिवसकार्य झाल्यावर वहिनी सांगोल्याला भावाकडे निघाल्या. म्हणाल्या, “भावजी, ही पेटी तुमी न्या. तितं पाणी कुटलं?” पेटी आता माझ्या दुकानात आहे. सकाळी फळ्या काढल्या की आधी बादली मडक्यात रिकामी करतो, मग गल्ल्यावर बसतो. मासे जिवंत आहेत. माझ्या हातातही मेले नाहीत बघा, त्याचेच ते.

परवा एक गिऱ्हाईक पेटीपुढं थबकलं. विचारलं, “झकास आहे! कुणी केली?” या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं, “अनंतानं.” तो म्हणाला, “कोण अनंता?”

कोण अनंता! मला असा राग आला की काय सांगू. त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. वहिनींचा निकाल, उलटे झालेले मासे, झाडांत चढणारा तो लाल रंग, सगळं. त्यानं मढवायला आणलेली तसबीर बाजूलाच राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर मडक्यात पाणी ओतताना लक्षात आलं, भिंतीचं सांगायचं राहूनच गेलं.