बेडशाच्या बिटांचं काळीज

कामशेट समजून मी एक स्टेशन आधी, कान्ह्यालाच उतरलो! गाडी सुटल्यावर पाटी वाचली. पण माघातली सकाळ होती, हवेत गारवा होता. कामशेटपर्यंत चालतच गेलो. पुढे एका म्हाताऱ्या गाडीवानानं बैलगाडीत घेतलं.

"बेडशाला कुनाकडं?"

"सुमनकडे. माझी धाकटी बहीण."

"बिटाच्या पाल्यावर सोनाराचा खार मारती, ती व्हय?" म्हातारा खदखदून हसला. "भूक पोटाला, आन् घास डोक्यावर!"

गेल्या साली सुमनची बिटं वरून देखणी निघाली, पण कापली की आत काळी. मंडईतून पोतीच्या पोती परत आली. मग शेतीखात्यातल्या एका माणसानं सांगितलं, "मावळातला पाऊस जमिनीचा कस धुऊन नेतो. थोडासा टाकणखार, सोनार वापरतात तोच, पाण्यात विरघळवून पानांवर फवारा." सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, यंदा बिटांना निम्मंच वावर दिलं. याही वेळी माल काळा निघाला, तर तिथे पुन्हा हरभरा.

सुमननं पिठलं आणि तांदळाची भाकरी वाढली. मी पोटभर जेवलो, मग आबांसोबत आम्ही बिटं तपासायला निघालो.

वावर लेण्यांच्या डोंगराखाली होतं. फवारलेला पाला हिरवागार, तजेलदार. फक्त एका ओळीवर खार जास्त पडला होता, तिथली पानं कडेनं करपलेली. आबा नेमके तिकडेच वळले.

"आबा, ती नको," सुमन म्हणाली.

"हितलंच बगू." त्यांनी बीट उपटलं. लहानसंच होतं. विळ्यानं चिरलं.

आत लालभडक! डाग म्हणून नाही. दुसरं उपटलं, मुठीत मावेना इतकं, तेही स्वच्छ. मग बांधाकडचं, ताडून बघायला न फवारता ठेवलेलं. त्याचं काळीज काळं ठिक्कर.

मी ओरडलोच! सुमन हसता हसता रडू लागली. आबांनी मोठ्या बिटाचा लचका तोडला. पांढऱ्या मिशा लाल झाल्या.

"लय ग्वाड हाय गं," ते म्हणाले. "पंप कुटं ठिवलाय? त्या तिकडच्या कवळ्या बिटांस्नी आत्ताच मारू."

"आबा, उन्हात नको, पाला करपेल. ऊन उतरू द्या."

आबा बांधावर बसून राहिले, ऊन उतरायची वाट बघत.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. रुळांलगतची शेतं मागे पळत होती. इतकी वर्षं हिरवळ म्हणून बघत आलो. आज वाटलं, ही एवढी पानं उघड्या तोंडांनी काहीतरी मागताहेत, आणि मावळात आता ते ऐकणारं माझ्या बहिणीचं घर आहे.