पखालीच्या बागेचा पुरावा

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाग आहे. बाग म्हणजे सात कडुलिंब, दोन बाकडी आणि एक घसरगुंडी. घसरगुंडीचा पत्रा खाली फाटलाय, म्हणून मुलं तिच्यावर उलटी चढतात. या जागेला एका पुढाऱ्याच्या दिवंगत वडिलांचं नाव द्यायचं ठरलं. शहराचं नाव बदलल्यापासून धाराशिवच्या रंगाऱ्यांना बरे दिवस आहेत. वडील सज्जन होते म्हणे. बागेत ते कधी आल्याचं मात्र कुणाला आठवत नाही.

लोक तिला पखालीची बाग म्हणतात. एका दुष्काळात एक भिश्ती घरोघरी पाणी घालून झालं की कातडी पखालीत तळाशी उरलेलं पाणी इथल्या रोपांना ओतायचा. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यासाठी कुणी त्याला शालही पांघरली नाही. त्याची मुलगी बागेसमोरच राहते. सगळी गल्ली तिला आपा म्हणते. तिला आता कमीच दिसतं.

मी नगरपालिकेतला निवृत्त कारकून. लोक अजून माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. आपाही आली.

"साहेब, अब्बाचं नाव लावा म्हनत न्हाय मी. पखालीची बाग, येवढंच ऱ्हाऊ द्या म्हनावं. त्यांची दुसरी निशानी न्हाय माज्यापाशी."

"पखाल कुठाय?"

"उंदरानं खाल्ली. फोटो काडाय कोन येनार हुतं आमच्यात?"

मी झकास अर्ज लिहिला. 'सविनय' दोनदा घातला.

आठवड्यानं कार्यालयात गेलो. टेबलावरचा तरुण लिपिक नम्र होता, म्हणजे काम होणार नव्हतं. त्यानं मोकळ्या जागांची जुनी नोंदवही उघडून माझ्यापुढं सरकवली. "काका, 'प्रचलित नाव' या रकान्यात काहीतरी असतं ना, तर आम्हाला ठेवावंच लागलं असतं. हे बघा. निरंक."

बघायची गरज नव्हती. अक्षर माझंच होतं.

नोकरीला लागलो त्या वर्षी साहेबांनी मला फीत घेऊन मोकळ्या जागा मोजायला पाठवलं होतं. या जागेचं माप घेताना त्याच भिश्त्यानं पखालीचं तोंड सैल करून माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. रोपंही दाखवली. नाव तेव्हाच लोकांच्या तोंडी होतं. ते सरकारी वहीत शोभणार नाही, असं मला वाटलं. नव्या नोकरीत माणूस सरकारपेक्षा जास्त सरकार असतो.

"अक्षर काय सुंदर आहे हो कुणाचं," लिपिक म्हणाला. मी मान डोलावली.

समारंभ झाला. फीत कापली, नारळ फुटला, मंडपाच्या खांबासाठी एका कडुलिंबाची फांदी तोडली. पाटीवर पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव, त्याखाली उद्घाटकांची नावं. आपा दारात बसून भोंग्यावरची भाषणं ऐकत होती. मी जवळ गेलो.

"काय लिवलंय वो पाटीवर?"

मी वाचून दाखवलं.

"आन् आपला अर्ज?"

"जुन्या वहीत नाव नाही. कुण्या कारकुनानं लिहिलंच नाही."

"जित्ता हाय का त्यो?"

"आहे."

"मंग त्याला गाठा की, साहेब. त्यो सांगंल खरं काय ते."

बघतो, असं म्हणून मी घरी आलो. तिनं नंतर दोनदा विचारलं. गाठ पडली नाही, असं मी दोन्ही वेळा सांगितलं.