मामांची मान

उजव्या हातानं वरण वाढायचं आणि डाव्या हातानं शर्टाची कॉलर वर ओढायची. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात कँटीनचे मामा रोज असेच उभे असायचे. तुमच्याकडंही असा माणूस असेल. हाक सगळे मारतात, नाव कुणाला ठाऊक नसतं.

मामांचा चेहरा गव्हाळ, पण मान तव्याच्या बुडासारखी काळी. वर चामखिळींचा घोस. मी तिथला सुपरवायझर, जिभेला हाड नव्हतं. मामा पैठणकडचे, म्हणून विचारायचो, "काय मामा, धरणातला सगळा गाळ मानेवरच आणला व्हय?" रांग खो खो हसायची. मामाही हसायचे. "मळ नाय साहेब, कातडंच हाय."

चामखिळीवर त्यांच्याकडं उपाय होता. शेजाऱ्याकडं वरातीची घोडी होती. तिच्या शेपटीचा केस आणून ते चामखिळीला गच्च बांधायचे. आठवड्यात ती गळून पडायची. माझीही एक त्यांनीच पाडली होती. त्यांच्या स्वतःच्या मात्र एक पाडली की दोन यायच्या. "माझी जमीनच लई कसदार," म्हणायचे.

वर्षातून एकदा कँटीनमध्ये रक्त तपासायला डॉक्टर यायचे. तपासणी फक्त कायम कामगारांची. मामा कंत्राटी; रक्त दिलेल्यांना चहा-बिस्कीट देणं एवढंच त्यांचं काम. एका वर्षी त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, माझं बी बघतेत का? लई तहान लागती. पाय बधिर पडतेत."

डॉक्टरांना एक शब्द टाकणं माझ्या हातात होतं. पण पोरं ऐकत होती आणि मला चेव चढला. "आधी मान घासून या, मामा. डॉक्टर घाबरतील."

मामा खरंच गेले. न्हाणीतल्या टाचा घासायच्या वजरीनं मान घासून आले. कॉलर ओली, मानेवर रक्त.

"आता बघा साहेब, निघाला का?"

तोवर डॉक्टरांची गाडी निघून गेली होती. "पुढच्या वर्षी," मी म्हणालो. आणि हसलो. हो, हसलो.

पुढचं वर्ष उजाडलंच नाही. पायात खिळा घुसला, तो त्यांना कळलाही नाही. दवाखान्यात शुगर कळली तेव्हा पाय सडला होता. आधी पाय गेला, मग मामा. शिफ्ट आहे म्हणून मी मयतीला गेलो नाही. शिफ्ट नव्हती.

आता मी रिटायर झालोय. पोट सुटलंय, मान काळवंडलीय, वर चामखिळींचा घोस. डॉक्टर मान बघून म्हणाले, "मान अशी काळी पडून चामखिळी वाढल्या की आम्ही आधी शुगर तपासतो. शरीर आधी सांगतं हो, आपण ऐकत नाही." शुगर निघाली. वेळेत निघाली. गोळ्या चालू आहेत, मी वाचणार.

परवा आंघोळीला निघालो तर बायको म्हणाली, "अहो, मान जरा घासत जा. लोक काय म्हणतील?"

"मळ नाही गं, कातडंच आहे."

तिनं वजरी पुढं केली.