कुडपणचं काय म्हणणं?

मंगळवारी दुपारी आमच्या कंपनीच्या मीटिंग रूममध्ये जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये. भेटेल त्याला सांगत सुटलेय... आता इथेही सांगते.

आमची कंपनी महाड एमआयडीसीत. औषधांच्या गोळ्या पॅक होतात. मी अकाउंट्सला आहे आणि यंदा वर्क्स कमिटीवर कामगारांच्या बाजूने निवडून आलेय. कमिटीत निम्मी माणसं व्यवस्थापनाची, निम्मी आमची. ती बसायची वर्षातून एकदा... फोटोपुरती.

मागच्या महिन्यात कानावर आलं की पॅकिंग आणि डिस्पॅचची शिफ्ट पुढे सरकणार. सुट्टी साडेचारऐवजी सहाला. कारण मुंबईचा ट्रक हल्ली उशिरा येतो.

मला आधी वनिताच आठवली. ती पॅकिंगला आहे, राहते पोलादपूरच्या वर कुडपणला. पोलादपूरहून वर जाणारी शेवटची एसटी चुकली की तिला घर नाही. सहाला सुटून ती गाडी मिळणं शक्यच नव्हतं.

"मग सोडीन काम," ती म्हणाली. डबा बंद करता करता, इतक्या सहज... तिची मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. या नोकरीवर शिकतेय.

मी कायदा काढून वाचला. शिफ्टच्या वेळा अशा परस्पर बदलता येत नाहीत. आधी रीतसर नोटीस द्यावी लागते, मुदत द्यावी लागते. आणि बोलायला जागा म्हणून तर कमिटी आहे. मॅनेजर साहेबांकडे गेले. ते नवीन आहेत, नाशिकचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. कमिटी बोलवू."

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं... वनिताही कमिटीवर आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिची तयारी करून घेत होते. शेवटी ती वैतागली. "बोलीन की गो! भिते काय मी कुणाच्या बापाला?"

तर मंगळवार. साहेबांनी सगळं मोकळेपणी सांगितलं. ट्रक किती वाजता निघतो, कुठे अडकतो, माल राहून गेला की काय होतं. यातलं काही आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "कुणाला काही अडचण?"

कुणीच बोललं नाही.

मी वनिताला कोपराने ढोसलं. ती कुजबुजली, "थांब गो. अजून विचारलं नाय."

"अगं, आत्ताच विचारलं ना!"

"मला कुठं?"

तोवर साहेबांनी फाइल मिटली. "चला, म्हणजे सर्वांना मान्य." खुर्ची मागे सरकली... मी उठणार, इतक्यात भिकाकाका बोलले. ते बॉयलरला असतात, शिवथरचे, आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ.

"साहेब, उठलात कशाला? मीटिंग आता सुरू व्हायची हाय."

साहेब गोंधळले. "काका, मी विचारलं की. कुणी बोललं नाही."

"असं नाय विचारत. आमच्याकडं गावकी बसली की एकेका वाडीचं नाव घेतात. नाव घ्यायच्या आधी जो तोंड घालतो तो आगाव."

मी महाडच्या पेठेत वाढलेली. गावाच्या बैठकीत कधी बसले नाही. ही सगळी घाबरून गप्प आहेत असंच मी धरून चालले होते... आणि ती आपापली पाळी यायची वाट बघत होती!

साहेब परत बसले. खरंच बसले. पेन उघडून म्हणाले, "बरं काका. सुरुवात कुठून करू?"

"खालनं करा. तुडील."

तुडीलचा मंगेश उभा राहिला. तो डिस्पॅचला, ट्रक भरतो. "आपल्याला बाईक हाय साहेब. सहा काय नि सात काय. सकाळी उशिरा येऊ द्या फक्त. नदीवर जाता येईल."

"एवढे मासे खाणार कोण रे, तू एकटाच?" मागून कुणीतरी. सगळे हसले. साहेबही.

मग शिवथर झालं. बॉयलरला काहीच फरक नाही, काकांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग साहेबांनी मान वर करून विचारलं, "कुडपणचं काय म्हणणं?"

वनिता उठली. मी शिकवलेलं एकही वाक्य तिने वापरलं नाही. एसटी सांगितली, घाट सांगितला. "सहाला सुटले तर मला घरला जाता येत नाय. म्हंजे मला काम सोडायला लागंल. आणि मला सोडायचं नाय." एवढंच. आवाज जरासुद्धा हलला नाही.

साहेबांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, "मग ट्रकचं काय करू, ताई?"

"ते तुडीलला विचारा."

पुन्हा हशा... पण मंगेश हसता हसता थांबला. "साहेब, तसं बघाल तर पॅकिंगचा माल साडेचारला तयार असतो. भरायचाच ऱ्हातो. आम्ही चौघं उशिरा येतो, उशिरा जातो. बायकांना कशाला डांबता?"

साहेबांनी डिस्पॅचच्या बाकीच्या तिघांना आत बोलावलं आणि एकेकाचं नाव घेऊन विचारलं. तिघेही हो म्हणाले. पॅकिंगची शिफ्ट आहे तशीच राहिली. तिथल्या तिथे.

सल्लामसलत हा शब्द मी कायद्याच्या पुस्तकात कितीदा वाचला होता... ती करतात कशी, हे मला भिकाकाकांनी दाखवलं. काका, तुम्ही फेसबुकवर नाही. पण तुमचा नातू हे वाचून दाखवेल. मनापासून आभार.

साडेचारला वनिता सुटली. मला उगाचच तिच्याबरोबर गेटपर्यंत जावंसं वाटलं, गेले. ती झपाझप पुढे, मी मागे धापा टाकत... आणि दोघी हसतोय.