फैलका बेटावर ऐकलेली सिल्व्हीची गोष्ट

फैलकाला जायचं ठरवलं ते मिस डेलांनी. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, म्हणजे राहायच्या. एका अमेरिकन शाळेत इतिहास शिकवायच्या. काळ्या, उंच, साठीच्या आणि कमालीच्या सावकाश बोलणाऱ्या. माझी बारा वर्षांची रेवा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे इंग्रजी बोलायला जायची आणि माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलायची. त्यांचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. "इतकी वर्षं कुवेतमध्ये काढली आणि समोरचं बेट पाहिलं नाही," असं त्या रेवाला म्हणाल्या, आणि मग दारात येऊन मला म्हणाल्या, "तूही चल."

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही तिघी सालमियाच्या धक्क्यावर. जाणार असाल तर हिवाळ्यातच जा. बोटीची वेळ आणि तिकिटाचा दर आदल्या दिवशी फोन करून विचारा, दोन्ही बदलत राहतात. सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, विसरू नका. बेटावर दुकानांचा भरवसा नाही, तेव्हा पाणी आणि डबा घरूनच घ्या. मी थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, डेलांनी खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि चीज.

बोट निघाली तेव्हा समुद्रावर धुकं होतं. दहा मिनिटांत कुवेत सिटीचे टॉवर पुसले गेले, पाणी आणि आभाळ यांतली रेघही गेली. तासाभराचा प्रवास, पण वेळ कळतच नव्हता. रेवा कठड्याला टेकून उभी होती. शेजारी जाऊन उभं राहावं असं वाटलं, पण मी बसूनच राहिले.

आमचं थोडं सांगायला हवं. नवरा गेला तेव्हा रेवा चार वर्षांची होती. तिला कराडला माझ्या बहिणीकडे ठेवून मी इथे लॅब टेक्निशियन म्हणून आले. जाब्रियातल्या हॉस्पिटलात रोज लोकांचं रक्त काढते. रेवाला आणलं ते आठ वर्षांनी, या एप्रिलमध्ये.

फैलका हे रिकामं बेट आहे. नव्वद साली इराकने कुवेतवर हल्ला केला त्या युद्धात इथली माणसं घरं सोडून गेली ती बहुतेक परतलीच नाहीत. भिंतींना गोळ्यांची भोकं, शाळेच्या खिडक्यांतून आरपार दिसणारा समुद्र. एका अंगणात उंट उभा होता, घर त्याचंच असल्यासारखा. ग्रीक लोकांच्या देवळाचे दगडही आहेत, पण आमचा पाय त्या घरांतूनच निघेना. ऊन दुधासारखं होतं. आपण कुणाच्या तरी झोपेतून चालतोय असं वाटत होतं.

दुपारी एका पडक्या ओट्यावर डबे उघडले. रेवाने इंग्रजीत विचारलं, "इथली माणसं एकमेकांना सापडली असतील का?"

डेलांनी थालीपीठाचा तुकडा मोडला. "माझ्या पणजीची आई, सिल्व्ही, तिच्या आईला सापडली होती," त्या म्हणाल्या. "सांगू?"

सिल्व्हीची आई हेस्टर. व्हर्जिनियात, तंबाखूच्या शेतावर, दोघी गुलाम. तेव्हा अमेरिका पश्चिमेकडे पसरत होती. मूळच्या लोकांना हुसकावून त्यांच्या जमिनीत कापूस लावला जात होता आणि कापसाला माणसं हवी होती. ती जुन्या राज्यांतून विकत नेत. सिल्व्ही सात वर्षांची असताना तिला विकलं, गाडीत घालून अलाबामाला नेलं.

"अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली," डेला म्हणाल्या. "हेस्टरने पहिलं काम काय केलं असेल? चर्चच्या वर्तमानपत्रात मुलीच्या शोधाची जाहिरात दिली. तिला लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घेतली. अशा शेकडो जाहिराती यायच्या, रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचायचे. ती दरवर्षी देत राहिली. गंमत अशी, की सिल्व्ही तेव्हा विशीच्या पुढे गेली होती, पण जाहिरातीत ती सातच वर्षांची होती. आईला तेवढीच माहीत होती."

रेवा एकदम म्हणाली, "मी आले तेव्हा माझ्यासाठी कपाटात लहान फ्रॉक होते. एकही होत नव्हता."

हे ती मला कधीच बोलली नव्हती. मी चाचरत म्हटलं, "माझंही तसंच..."

"नाही," डेला हळू पण स्पष्ट म्हणाल्या. "तुझ्याकडे परतीचं तिकीट होतं. हेस्टरची मुलगी कायद्याने तिची नव्हतीच. या दोन गोष्टी एक करू नकोस."

त्यांचं बरोबर होतं.

शेवटी अलाबामातल्या एका चर्चमध्ये ती जाहिरात वाचली गेली तेव्हा सिल्व्ही दोन मुलं घेऊन बाकावर बसली होती. पत्र गेलं, हेस्टर आली. सिल्व्हीने तिला ओळखलं नाही. घरात घेतलं, पण वर्षभर परक्या बाईसारखं वागवलं. मग एक दिवस विचारलं, "गाडीमागे धावली का नाहीस?"

"हेस्टर म्हणाली, 'दोन माणसांनी मला धरून ठेवलं होतं.' इतकंच. त्या दिवसापासून दोघी खऱ्या अर्थाने एका घरात राहू लागल्या असं आमच्याकडे सांगतात. पुढे आमच्या पुरुषांना मत द्यायचा हक्क मिळाला, तो दमदाटी करून काढूनही घेतला. पण सिल्व्हीची मुलं शाळेत गेली. हेस्टर त्यांना रोज पोचवायची."

संध्याकाळी परतीच्या बोटीत बसलो. धुकं गेलं होतं, पाणी गुलाबी झालं होतं, आणि शहर समोरून हळूहळू वर येत होतं.

घरी मी डबे घासत होते. रेवा स्वयंपाकघराच्या दारात आली. या वेळी मराठीत म्हणाली, "तुला कुणी धरून ठेवलं होतं?"

"नाही."

"मग?"

मी नळ बंद केला. पगार फॅमिली व्हिसाच्या अटीत बसत नव्हता, हे सांगितलं. ते तिला माहीत होतं. जे माहीत नव्हतं तेही सांगितलं. शेवटची दोन वर्षं पगार बसत होता. शिफ्ट, घरभाडं, एकटीने कसं जमेल, अशी कारणं मी काढत राहिले. खरं म्हणजे तू मला ओळखणार नाहीस याची भीती वाटत होती.

"दोन वर्षं?" ती म्हणाली आणि आत गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

काँट्रॅक्ट संपलं आणि डेला अमेरिकेला परत गेल्या. फैलकाहून मी ना शिंपला आणला ना दगड, आणि फोटोही धुरकट आलेत. आणलं ते एवढंच, की रेवा आता प्रश्न विचारते. कधी जेवताना, कधी गाडीत, अधूनमधून कुठेही. मी खरं तेच सांगते, वाईट दिसलं तरी.

काल जेवताना तिने विचारलं, "तू निघालीस तेव्हा मी रडले होते का?"

"तू झोपली होतीस."

"उठवलं का नाहीस?"

"उठवलं असतं तर मला जाता आलं नसतं."

ती म्हणाली, "हं," आणि भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.